दोरे उचलून ठेव

नाशिकरोड,
रविवार, १४ डिसेंबर २००३

ज्योत्स्नास,

पत्र लिहायला कारण एकच, तुझी मांजर. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे दुसरं काही मनात आणायला नको.

बॉबीनने संघर्षचा राखाडी स्वेटर खाल्ला. खाल्ला म्हणजे डावी बाही कोपरापर्यंत चघळून चघळून तिची जाळी केली. स्वेटर कुठे होता, असं विचारशील. माझ्या उशाशी होता. इथे थंडी पडलीय, आणि म्हाताऱ्या बाईने आपल्या मुलाचा स्वेटर उशाशी घेतला तर त्याचा जाब कुणाला द्यायचं कारण नाही. पोराला कावीळ घेऊन गेली त्याला आता चार वर्षं होतील. त्याच्या कपड्यांपैकी त्याचा वास असलेला तेवढा एकच उरला होता. आता बाहीला मांजराच्या लाळेचा वास येतो.

मी तिच्यावर झाडू उगारला. लागला नाही, पळाली. दोन दिवस शिलाई मशीनखाली बसून माझ्याकडे अशी बघत होती, जसा काही मीच तिचा स्वेटर खाल्लाय.

तू या घरात होतीस तेव्हा असला प्रकार कधी झाला नाही. म्हणजे तू काहीतरी करत असणार. काय करायचीस ते एका कार्डावर लिहून पाठव. चार ओळी पुरेत. सात महिने झाले तुला जाऊन, आणि जाताना 'हिला तुमच्या सोबतीला ठेवते' म्हणून तूच तिला माझ्या गळ्यात मारलीस. मला सोबत नको होती. तेव्हाही सांगितलं होतं.

तुझा तो कागद अजून मशीनच्या वर भिंतीला चिकटलेला आहे. 'आत्या, संध्याकाळी मशीन बंद करताना खाली बघा. दोरे, नाड्या, लेस, लोकर, रबर, सुया. सगळं डब्यात टाका.' सुनेने सासूला भिंतीवर लिहून शिकवायचं, ही पद्धत तुझ्यापासूनच निघाली. तो बिस्किटाचा पत्र्याचा डबाही तिथेच आहे. त्यात मी आता लिमलेटच्या गोळ्या ठेवते. घर माझं, मशीन माझं, तीस वर्षं मी लोकांचे ब्लाऊज शिवतेय आणि तीस वर्षं जमिनीवर दोरे पडताहेत. त्याने कुणी मेलेलं नाही.

तुझ्या आश्रमशाळेत फोन आहे असं ऐकलं. पण फोनवर माझा आवाज चढतो, हे तुला ठाऊक आहे.

पाकिटावर पत्ता लिहिताना दोन पाकिटं वाया गेली. दोन्ही वेळा हाताने आपल्या घरचं आडनाव, 'पगारे' असंच लिहिलं. तिसऱ्यावर 'ज्योत्स्ना मॅडम, आश्रमशाळा, तालुका सुरगाणा' एवढंच लिहिलंय. पोस्टमन हुशार असला तर मिळेल.

साळूबाई


नाशिकरोड,
शनिवार, ३ जानेवारी २००४

चि. ज्योत्स्नास,

कार्ड मिळालं. चार ओळी. मी चारच मागितल्या होत्या, तेव्हा तक्रार नाही. भिंतीपलीकडच्या धोंडाबाईने मात्र कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. म्हणाली, "एवढंच? मागं काय लिवलं नाय का तिनं?" मी म्हटलं, तिला शाळा आहे, पोरं आहेत, तुझ्यासारखी रिकामी नाही ती.

'ती आईपासून फार लवकर तुटली, म्हणून लोकर चोखते. तिला रागावू नका. लोकरीचं सगळं कपाटात ठेवा आणि रोज थोडा वेळ तिला मांडीवर घ्या.'

वा. झाल्या मॅडम मांजरांच्याही मॅडम.

स्वेटर कपाटात ठेवला. मांडीवर मात्र घेतलं नाही. परवा ती आपणहून चढली. मी हुक लावत होते, हातात सुई होती, तिला ढकलायला हात मोकळा नव्हता, म्हणून बसू दिलं. दीड तास बसली. पाय बधिर झाले तरी मी हलले नाही, ते केवळ सुईचं काम नाजूक असतं म्हणून.

बसल्या बसल्या मला ती आली तो दिवस आठवला. संघर्ष जाऊन पंधरा दिवस झाले होते. तू विहाराच्या मागच्या गटाराजवळून तिला पदरात घालून आणलीस. मुठीएवढी होती, डोळ्यांना चिपडं. मी ओरडले, की घरात दुःख आहे आणि तुला मांजर सुचते? तू म्हणालीस, "आत्या, घरात काहीतरी हलतं पाहिजे." मग दुसऱ्याच दिवशी ती मशीनच्या बॉबिनी घरभर घरंगळवत सुटली आणि तू पहिल्यांदा हसलीस. मी तुला हसताना पाहिलं आणि तोंड फिरवून घेतलं. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, त्या दिवशी मीही हसायला हवं होतं.

संक्रांत जवळ आली. कॉलनीतली सगळी गच्ची पोरांनी भरलीय, आणि मांजाचे तुकडे आपल्या गॅलरीत येऊन पडतात. मी बॉबीनला आतच कोंडते आणि मांजा काठीला गुंडाळून ठेवते. डब्यातल्या लिमलेटच्या गोळ्याही काढून टाकल्या. संध्याकाळी मशीन बंद केलं की खाली बसून दोरे वेचते. गुडघे कुरकुरतात. तू रोज हेच करायचीस, आणि मी खुर्चीवरून विचारायचे, "सोनं सापडलं का गं?" तू म्हणायचीस, "सापडलं, आत्या, गुलाबी."

एक अडचण आहे. मशीनचा उजवा खण ढिला झालाय. बॉबीन पंजा घालून उघडते. त्यात माझी एक वस्तू आहे, म्हणून मी खणाला मोठी कात्री टेकवून ठेवते. कसली वस्तू ते विचारू नकोस.

तिकडे डोंगरात थंडी जास्त असेल. तुझ्या नव्या घरच्या त्यांना म्हणावं की, नको, काही म्हणू नकोस.

साळूबाई


जेलरोड, जनावरांचा दवाखाना,
रविवार, १८ जानेवारी २००४

ज्योत्स्ना,

हे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. अक्षर वेडंवाकडं आलं तर सांभाळून घे. बॉबीनच्या पोटात दोरा गेलाय.

गुरुवारपासून ओकत होती. आधी दूध, मग पिवळं पाणी, मग नुसतीच उबळ. खाईना. कॉटखाली अगदी भिंतीला चिकटून बसली, हाक मारली तर कान हलवायची फक्त. मला वाटलं थंडी बाधली. शुक्रवारी धोंडाबाई म्हणाली, तूप चाटव, सगळं सुटून जाईल. बोटाने तूप चाटवलं. तेही ओकली.

आज सकाळी उबळ आली तेव्हा तिने तोंड उघडलं आणि जिभेखाली मला दोऱ्याचं टोक दिसलं. एवढंसं, नखाएवढं. धोंडाबाईने तिला टॉवेलात धरलं होतं. म्हणाली, "अगं बघते काय, ओढ की! शिवण उसवताना नाय का ओढत?"

आणि मी ओढला.

ज्योत्स्ना, तीस वर्षं माझी बोटं दुसरं काय करत आलीत? कापडावर सुटलेला दोरा दिसला की चिमटीत धरायचा आणि खेचायचा. माझ्या डोक्याने काही ठरवायच्या आधी बोटांनी धरलासुद्धा. दोन बोटं आला आणि अडकला. आणि बॉबीन ओरडली. मांजर तसं ओरडतं हे मला माहीत नव्हतं. मी सोडून दिला. तिने मला ओरबाडलं नाही. नुसतं पाहिलं.

रिक्षा करून इथे आणलं. डॉक्टर बाई आहेत, ललिता म्हणून, तुझ्याच वयाच्या. रविवार असून दार उघडलं. त्यांनी विचारलं, "ओढलात का?" मी हो म्हटलं. त्यांनी नुसती तिची जीभ वर करून पाहिली, त्यापेक्षा त्या मला रागावल्या असत्या तर बरं होतं. दोरा जिभेच्या मुळाशी वेढा घेऊन बसलाय आणि त्याचं दुसरं टोक खाली आतड्यात आहे, असं म्हणाल्या. उद्या सकाळी पोट उघडायचं. जगेल का, विचारलं तर म्हणाल्या, "उद्या सांगते."

मांजाचा दोरा होता. संक्रांतीचा. मी इतका वेचला, तरी एखादा राहिला असणार.

तू असतीस तर मला ओढू दिलं नसतंस. इथे बाकावर बसून एवढंच मनात येतंय. तू हवी होतीस.

साळूबाई


नाशिकरोड,
बुधवार, २१ जानेवारी २००४

चि. ज्योत्स्नास,

जिवंत आहे. हे पहिल्या ओळीत लिहिते, कारण तू पाकीट फाडून उभ्या उभ्याच वाचशील.

सोमवारी दीड तास चाललं. मी बाहेर बसले होते, एका म्हशीच्या मालकाशेजारी. त्याने विचारलं, "तुमची कुठली?" मी म्हटलं, मांजर. तो म्हणाला, "मांजरासाठी आलात? पाळीव का?" मी म्हटलं, नाही, सुनेची.

नंतर डॉक्टरबाईंनी मला आत बोलावून समजावलं. "तुम्ही शिवणकाम करता ना?" म्हणाल्या. "परकराच्या नेफ्यात नाडा ओवून एक टोक पक्कं धरलं आणि दुसरं ओढलं, तर काय होतं?" मी म्हटलं, चुण्या पडतात. "तसंच. दोऱ्याचं एक टोक तिच्या जिभेला अडकलं होतं. खालचा भाग आतडं पुढे ढकलत होतं. आतड्याच्या चुण्या पडल्या होत्या. अशा वेळी वरून ओढलं की दोरा आतून करवतीसारखा कापतो. तुम्ही वेळेवर सोडलात, म्हणून नशीब."

मग त्यांनी मला बजावलं ते तुला सांगते, म्हणजे तुझ्या शाळेतल्या पोरांनाही सांगता येईल. मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. तूप नाही, तेल नाही, एरंडेल नाही. दोरा दिसला त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मांजराची जीभ खरखरीत असते, दोरा एकदा चिकटला की तिला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. मी म्हटलं, बाई, माझ्या सुनेने हे सगळं मला भिंतीवर लिहून दिलं होतं. त्या म्हणाल्या, "मग तिचं ऐकत का नाही?"

मी औषधाची चिठ्ठी घेऊन उठले.

मी हजारो परकरांना नाडे ओवलेत, ज्योत्स्ना. काल एक परकर ओवायला घेतला आणि नाडा तसाच बाजूला ठेवला.

पाच दिवस धोका आहे म्हणाल्या. टाका सुटायला नको, ताप यायला नको. काल दवाखान्यातून घरी आणलं. आज ती चमचाभर पाणी प्यायली. मी तिला मांडीवर घेऊन बसते. हो, मुद्दाम घेते. गिऱ्हाइकांना सांगितलंय की सोमवारपर्यंत मशीन बंद.

तुझी
आत्या


नाशिकरोड,
मंगळवार, २७ जानेवारी २००४

चि. ज्योत्स्नास,

पाच दिवस पार पडले. काल तिने उकडलेला मासा खाल्ला आणि वर माझं बोट चाटलं. म्हणजे आता ती वाचली, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणून आता खरं लिहिते. ती गेली असती तर हे कधीच लिहिलं नसतं, आणि ते ओझं घेऊनच मी मेले असते.

तो मांजा नव्हता.

या वर्षी पोरांनी गुलाबी मांजा आणला होता. बॉबीनच्या पोटातून निघाला तो पांढरा होता. सुती, दोन हात लांब. डॉक्टरबाईंनी चिमट्यात धरून दाखवला तेव्हा मी लगेच ओळखला. तुझा दोरा होता तो.

तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी आपल्या घरी परित्राण पाठ ठेवला होता. तूच ठेवला होतास. म्हणाली होतीस, "आत्या, मी या घरातून जाणार, तर या घराचाच दोरा बांधून जाणार." भंतेजी आले, रक्षणाचा पाठ झाला, पाण्याच्या कलशातून निघालेला पांढरा दोरा सगळ्यांच्या हातांतून फिरला. मग त्याचे तुकडे करून एकेकाच्या मनगटाला चार-पाच वेढे घालून बांधायला घेतले. पुरुषांना भंतेजींनी बांधला. बाईच्या हाताला ते हात लावत नाहीत, म्हणून तुझा तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला. "सासूबाई, तुम्ही बांधा," म्हणाले.

तू हात पुढे केलास.

आणि मी म्हटलं, "खीर करपतेय," आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

खीर करपत नव्हती. स्टो मी अर्ध्या तासापूर्वीच बंद केला होता. मी मोरीशी उभी राहिले, मुठीत दोरा. बाहेर तू किती वेळ हात पुढे करून उभी होतीस ते मला दिसत नव्हतं. मग कुणीतरी चटई गुंडाळायला लागल्याचं ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी तुझ्या लग्नाला मी आले नाही. गुडघ्याचं निमित्त सांगितलं.

आणि ही तीच साळूबाई, जिने विहारात महिला मंडळापुढे भाषण ठोकलं होतं, की तरुण विधवेने पुन्हा संसार मांडलाच पाहिजे. टाळ्या पडल्या होत्या. तूही वाजवल्या होत्यास, पहिल्या रांगेत बसून. तुला वाटलं असणार, आपली आत्या आपल्या पाठीशी आहे.

हिरामणबद्दल मला वाईट काही वाटत नव्हतं. पहिल्यांदाच लिहितेय त्यांचं नाव. ते डोंगरातले, आपण इकडचे, लोक काय म्हणतील, असलं मी लोकांपुढे बोलले, पण ते खरं नव्हतं. खरं एवढंच, की मुलगा गेल्यावर मला त्याच्यामागे तूच उरली होतीस. सकाळी चहा कोण आधी करणार यावरून आपण भांडायचो, तेवढ्यावर माझा दिवस चालायचा. तू जाणार म्हटल्यावर मला वाटलं, संघर्ष दुसऱ्यांदा चाललाय. दोरा बांधला तर मी तुला जायला परवानगी दिली असं होईल, आणि नाही बांधला तर तू थांबशील. इतकी अक्कल माझी.

तो दोरा मी मशीनच्या खणात ठेवला. चौदा जानेवारीला काढला. तुझा वाढदिवस. सगळं जग गच्चीवर होतं, घरात शुकशुकाट, आणि मी दोरा मांडीवर घेऊन बसले होते. तेवढ्यात धोंडाबाईने तिळगुळाला हाक मारली. मी उठले. दोरा मशीनवर राहिला. कात्री खणाला टेकवायचं राहिलं, डबा राहिला, सगळंच राहिलं. आले तेव्हा दोरा नव्हता. मला वाटलं वाऱ्याने गेला असेल, आणि मनात आलं, बरंच झालं.

तुझ्या मनगटाला बांधायचा होता, तो मी तुझ्या मांजराला खाऊ घातला. आणि वरून तिच्या तोंडातून ओढलासुद्धा.

माफ कर असं लिहायला मला जमत नाही, कधी शिकलेच नाही. हे सगळं लिहिलंय त्यालाच माफी समज.

इथे खाली एक ओळ खोडलेली दिसेल. उजेडात धरून वाचत बसू नकोस, मीच सांगते. 'एकदा येऊन जा' असं लिहिलं होतं. पण डॉक्टरबाईंनी सांगितलंय, अडकलेला दोरा ओढायचा नाही. म्हणून खोडलं.

तुझी
आत्या


नाशिकरोड,
मंगळवार, १६ मार्च २००४

चि. सौ. ज्योत्स्ना हिरामण गावित हिला,

सप्रेम जयभीम.

बघ, लिहिलं. पाकिटावरही असंच लिहिलंय, पहिल्याच पाकिटावर.

सात आठवडे तुझं काही आलं नाही. रोज दुपारी पोस्टमनची सायकल वाजली की मी मशीन थांबवायचे. मग तो पुढे गेला की पुन्हा चालू. धोंडाबाई म्हणाली, "येईल गं." चौथ्या आठवड्यानंतर तिनेही म्हणणं सोडलं. मी मनाशी म्हटलं, साळूबाई, हात पुढे करून उभं राहणं काय असतं ते आता तुला कळतंय.

परवा रविवारी दार वाजलं. दारात एक सावळा, बुटका माणूस. पायात कॅनव्हासचे बूट, हातात नागलीच्या पिठाची पिशवी. "आई, मी हिरामण. काल नाशकात मीटिंग व्हती, तं म्हटलं भेटून जाऊ."

मला 'आई' म्हणायचा हक्क यांना कुणी दिला, असं क्षणभर मनात आलं. मग म्हटलं, या.

चहा टाकायला आत गेले. खुर्ची दिली होती, पण बाहेर येऊन पाहते तर हे जमिनीवर. मशीनभोवती वाकून सकाळचे दोरे एकेक करून वेचत होते. डाव्या मुठीत बारीकसा गोळा झालेला. बॉबीन समोर बसून त्या मुठीकडे बघत होती. मला पाहून म्हणाले, "आई, डबा कुठं हाय?"

मी म्हटलं, तुम्हाला डबा कुणी सांगितला?

"आमच्या घरी बी हाय ना. बिस्किटाचाच. आमच्याकडं मांजर नाय, आई. तरी ती रोज सांजेला खाली बसून दोरे येचते. पोरांच्या गोधडीचे, परकराचे, सापडंल ते. मी म्हणतो, अगं, मांजर कुठं हाय इथं? तं म्हणते, सवय हाय. मंग मी बी येचू लागतो."

मी चहा खाली ठेवला आणि त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. गुडघ्यांचं काही मनात आलं नाही.

ज्योत्स्ना, मला वाटत होतं की तू गेलीस ती पुरती गेलीस, इथलं काही तुझ्याकडे नाही. आणि तू तिकडे मांजर नसलेल्या घरात माझे दोरे वेचत होतीस. मी रडले. परक्या माणसापुढे रडले. ते परके राहिले नाहीत, हेही लिहिते. त्यांनी काही समजूत-बिमजूत घातली नाही. बॉबीनला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "तुमचं ते लांबडं पत्र तिच्या उशीखाली हाय. रोज लिवाया बसते नि फाडते. शेवटी हे एवढं लिवलं."

तुझी चिठ्ठी मी त्यांच्यापुढेच वाचली. 'आत्या, खीर करपत नव्हती हे मला तेव्हाच कळलं होतं. वास आला नव्हता. त्या दिवशी मी दुसऱ्या कुणाच्या हातून दोरा घेतला नाही. मनगट अजून तसंच आहे. या.'

पुन्हा चारच ओळी. तुझ्या चार ओळी मला आता पुरतात.

काल विहारात जाऊन भंतेजींना सगळं सांगितलं. मांजराचंही. मला वाटलं रागावतील. मी विचारलं, तो दोरा तर गेला, आता काय करायचं? ते म्हणाले, "दोरा इथे पुष्कळ आहे, साळूबाई. बांधायला तुम्हीच नव्हतात." पंचवीस बायका बसल्या होत्या, त्यांच्यासोबत पाठ म्हटला आणि एक तुकडा घेऊन आले.

तर रविवारी, एकवीस तारखेला, सकाळच्या एसटीने निघते. बॉबीनची टोपली तयार आहे. धोंडाबाई झाकणाला सुतळी बांधायला निघाली होती, मी तिचा हात धरला. संघर्षचा कमरेचा पट्टा आवळलाय वरून. त्याचं काहीतरी तुझ्याकडे यावं, असंही मनात होतं. हिरामणना सांग, त्यात वाकडं वाटून घेऊ नका.

दोरा माझ्या पदराच्या गाठीत आहे. गाठ सोडेपर्यंत बॉबीनला तो दिसणार नाही, ही जबाबदारी माझी. मी दारात आले की आधी हात पुढे कर, चहाचं नंतर बघू. या वेळी मी चुलीवर काही ठेवून आलेली नसेन.

बॉबीनला मी तिकडेच ठेवून घ्या म्हणणार नाही, आणि परत नेतेच असंही म्हणणार नाही. ते तिचं तिला ठरवू दे. चार दिवस राहीन. तुमच्या त्या नागलीच्या भाकरी थापायला शिकव, मी हट्टी विद्यार्थिनी आहे, हे तुला ठाऊक आहे.

एक काम मात्र कर. आम्ही पोचायच्या आधी खाली वाकून एकदा नीट बघ, आणि घरातले दोरे उचलून ठेव.

तुझी
आत्या